आधी पोलाद, मग तेल

पात्याला पाणी द्यायला कोणतं तेल चांगलं, असं कुणी विचारलं की आम्ही उलट विचारतो, पोलाद कोणतं? पुष्कळदा उत्तर येतं, 'ट्रकच्या पाट्याचं.' मग काळजी कमी. सुप-९ असो की ईएन-४५, त्यातल्या मिश्रधातूंमुळे निवायला काही सेकंदांची सवड मिळते. मध्यम वेगाचं तेल पुरतं. वेगवान तेलात बुडवून फायदा काही नाही, पातं मात्र वाकू शकतं, पातळ धारेला तडाही जाऊ शकतो. १०९५ सारखं साधं कार्बन पोलाद इतकी सवड देत नाही. ते सेकंदभरात ५४० अंशांखाली आलं नाही, तर पर्लाइट बनून पातं मऊच राहतं. वेगवान तेलाचे जादा पैसे तिथे मोजावेत.

वेग ओळखायचा कसा? निकेलचा तापवलेला गोळा ८८५ अंशांवरून ३५५ अंशांवर यायला तेलात किती सेकंद लागतात, ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. ७ ते ९ म्हणजे वेगवान, ११ ते १४ म्हणजे मध्यम. 'हार्डनिंगचंच आहे हो' एवढ्या भरवशावर डबा उचलू नका.

शेंगदाणा तेलावर पाट्याची पाती होतात, आमची हरकत नाही. फक्त ते हवेनं घट्ट होत जातं, वेळच्या वेळी बदलावं लागतं. गॅरेजमधल्या जळक्या ऑइलला मात्र ठाम विरोध. त्यात काय काय उतरलंय हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याचा धूर रोज आपल्याच छातीत जातो.

मध्यम तेल आणि खाद्यतेल ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून घ्या. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवतीचं वाफेचं वेष्टण लवकर फुटत नाही आणि निवणं रेंगाळतं. तेलात पातं धारेच्या रेषेत हलवा, आडवं नको. पावसाळ्यात टाकीवर झाकण हवंच: तळाशी साचलेल्या पाण्याची वाफ झाली की तेल उसळून बाहेर येतं आणि पेट घेतं.

एवढं करूनही कानस पात्यात रुतली, तर लगेच तेलाला दोष देऊ नका. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळालेला असतो. थोडं घासून आतल्या पोलादावर कानस पुन्हा फिरवा. तिथे ती घसरली, तर पातं उद्यावर न टाकता त्याच दिवशी टेंपरिंगला लावा.