चकाचक, पण जरा जपून!

रविवारची सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिरपं ऊन आलेलं. आणि त्या उन्हात आपल्या लाडक्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर दिसतं काय, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे! 'काळा रंग म्हणजे क्लास, सर,' असं शोरूममधला सेल्समन म्हणाला होता. खरंच होतं ते. फक्त या क्लासची फी नंतर भरावी लागते, हे सांगायला तो विसरला.

हे ओरखडे पाडतं कोण? आपणच! रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसतो ना, तेव्हा धुळीचे कण रंगावर पॉलिशपेपरसारखे फिरतात. वॅक्स लावलं की ते चार दिवस लपतात, जात नाहीत. घालवायचे तर पॉलिश हवं, म्हणजेच बफिंग मशीन.

मीही एका मित्राकडून मशीन मागून आणलं. दाबून धरलं, बटण दाबलं आणि दहाच सेकंदांत बॉनेटच्या कडेचा रंग उडाला. पेंटरनं अख्खं बॉनेट पुन्हा रंगवलं. बिल विचारू नका!

आता त्यामागचा फंडा ऐका. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश ओरखडे भरत नाही, आजूबाजूचा थर घासून सपाट करतं. थोडक्यात, प्रत्येक पॉलिशला हा थर थोडा कमी होतो. कडांवर रंग मुळात पातळ, त्यात मशीनचा सगळा जोर तिथेच येतो. माझं मशीन होतं रोटरी. त्याचं पॅड एकाच जागी गरगर फिरतं आणि पटकन तापतं. नवशिक्यांसाठी ड्युअल ॲक्शन मशीन बरं. त्याचं पॅड फिरता फिरता हलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. आणि ड्रिलच्या दुकानातल्या ग्राइंडरला पॅड लावायचा जुगाड? बॉस, चुकूनही नको! त्याचा वेग पॉलिशिंगच्या कितीतरी पट असतो.

हे सगळं ऐकून घेतल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आता कळलं ना? मग आधी हिच्यावर शीक." आणि स्वतःच्या पंधरा वर्षं जुन्या पांढऱ्या गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. रोज आंघोळीआधी जुन्या बनियननं पुसलेली गाडी! माझ्या पोटात गोळा आला. स्वतःची गाडी बिघडवणं वेगळं, बाबांची वेगळं.

या वेळी घाई केली नाही. सेक्रेटरींना विचारून एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. गाडी सावलीत लावली, शाम्पूनं धुतली, क्ले बार फिरवून चिकटलेली घाण काढली. कडा, रबर आणि काळ्या प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावला (प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं की पांढरे डाग पडतात). मग दरवाजाच्या एका कोपऱ्यात ट्रायल. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश आधी. त्यानं भागलं, तर कंपाउंडच्या वाटेला जायचंच नाही.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. पॅड पत्र्यावर टेकवल्यावरच बटण सुरू, नाहीतर पॉलिश थेट शर्टवर! दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्यायचा, हळू वेगात पॉलिश पसरायचं, मग वेग वाढवून आडवं-उभं फिरवायचं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची. हात इतका सावकाश, की सेकंदाला जेमतेम इंचभर. जोर मशीनचा, आपण फक्त दिशा द्यायची. वायर खांद्यावरून मागे टाकायची.

मध्येच पॅड पांढरं दिसलं आणि काळजाचा ठोका चुकला. पुन्हा रंग उडाला? पण नाही. काही जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसतोच, त्यामुळे पॅडला थोडा रंग लागतो. ट्रायलचा कोपरा पुन्हा पाहिला, खाली प्रायमर कुठेच नव्हता. मग पुढे सरकलो. एक ओरखडा मात्र तसाच ठेवला. नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशनं जात नाही, तो घालवण्याच्या नादातच रंग जातो.

पाच तासांनी कंबर मोडली होती, पण बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. बाबा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत. आईला हाक मारली, "चल गं, एक राउंड मारून येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो, तर बाबा तेच बनियन घेऊन गाडीपाशी उभे. मी मुकाट्यानं पाण्याची बादली आणि नवं मायक्रोफायबर पुढे केलं. त्यांनी ते घेतलं. बनियन आता स्कूटरच्या वाट्याला आलंय!