जीपचे वय कशाला विचारता?

दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ चढवायची, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचा. आणि दिवाळीची झाडझूड निघाली की 'आता ही ब्याद काढा बुवा' म्हणून तीच गाडी भंगारवाल्याला दाखवायची, असा प्रकार हल्ली पुष्कळ घरांतून चाललेला दिसतो. त्यातून ती गाडी जुनी जीप असली म्हणजे विचारायलाच नको. तिला धड दारे नाहीत, काचा नाहीत, टपावरचे कापड पावसात गळते. शेजारी हसतात, घरची मंडळी लाजतात. आणि आता सरकारही शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसले आहे!

२०२१ साली केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. या नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये पडत, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. वर हरित कर वेगळा. पैसे घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. माझे भांडण निराळे आहे. ज्याने पंधरा वर्षे गाडीला लेकरासारखे जपले आणि ज्याने तिचे हाल हाल केले, त्या दोघांच्या हाती सरकार एकाच रकमेची पावती ठेवते, याला न्याय कसे म्हणायचे? वैद्याने नाडी न पाहता नुसता जन्मदाखला वाचून औषध द्यावे, तशातली ही गत!

जीप हे यंत्र मुळात दुरुस्तीसाठीच जन्माला आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी ती लाखांनी बांधली, ती आघाडीवर, चिखलात, साध्या पान्यांनी शिपायाला सोडता-जोडता यावी म्हणून. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. मुंबईत माझगावला तिने विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. १९५३ साली विलीजने उंच बॉनेटची जीप काढली. अमेरिकेत ती केव्हाच बंद झाली, पण आपल्याकडे तो चेहरा कित्येक दशके टिकला. मामलेदारापासून पाटबंधाऱ्याच्या इंजिनियरापर्यंत सगळ्यांनी तिच्यातून धूळ खाल्ली आहे.

तिची रचना पाहा. खाली लोखंडी शिडीसारखी चेसिस, तिच्यावर बोल्टांनी आवळलेला सांगाडा, पोटात पाटे आणि सरळ लोखंडी ॲक्सल. प्रत्येक भाग वेगळा सुटतो आणि वेगळा बसतो. पाटा तुटला तर पाटा बदला, बुश झिजला तर लेथवर नवा करून घ्या. अशा गाडीचे एकच एक वय सांगायचे कसे? इंजिन आजोबांचे, ब्रेक नातवाचे! वय सांगायचेच तर चेसिसचे सांगा, आणि तेही गंज पाहून.

आता दुसरी बाजू. धूर काढणारी जुनी डिझेल जीप भर वस्तीतून रोज हिंडवणे हा शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर अन्याय आहे. चारी चाकांना ड्रमचे ब्रेक, पट्टे नाहीत, हवेच्या पिशव्या नाहीत. तीत पोराबाळांना कोंबून द्रुतगती मार्गावर नव्या मोटारींशी शर्यत लावणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही. ज्याला रोज कचेरीत जायचे आहे त्याने खुशाल नवी मोटार घ्यावी. घाटाखालच्या वाडीवर, बागेत, नांगरटीच्या कडेने मात्र जुनी जीप आजही इमानाने राबते.

पण जीपचा नाश केवळ सरकार करते असे म्हणणे खोटे ठरेल. तिचे खरे वैरी तिचे भक्त आहेत! हे लोक तिला हत्तीच्या पायाएवढे टायर घालतात, पाट्यांखाली ठोकळे ठोकून तिला उंच करतात, पुढे दिव्यांची माळ लावतात आणि फोटो काढतात. मोठ्या टायरने स्टिअरिंग जड होते, किंगपिनची बेअरिंगे झिजतात, ब्रेकांची पकड कमी पडते आणि वेगाचा काटा खऱ्याहून कमी वेग दाखवतो. मग एके दिवशी खड्ड्यात आपटून पुढची चाके थरथरू लागली, की 'जुनी गाडी आहे, असे व्हायचेच' म्हणून सगळे खापर तिच्या वयावर! कारखान्याने दिलेले मूळ रूप असे बदलता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. पण ऐकतो कोण?

जपणूक दिसत नाही, म्हणून तिचा फोटो निघत नाही. पावसाळा संपला की जीपचे पोट धुवावे, चेसिसच्या पोकळीतला चिखल काढावा. गंज बाहेरून दिसण्याआधी आतून खातो. ॲक्सलचे तेल थोडे काढून पाहावे. दुधाळ दिसले तर ओढ्याचे पाणी आत शिरले म्हणून समजावे, आणि ते सगळे बदलावे. ड्रम उघडून साफ करावेत. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पिते, ते दोन वर्षांनी बदलावे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहावे. खडखडले तर बेअरिंग तपासावे. प्रत्येक निपलला ग्रीस मारावे, जुने काळे ग्रीस बाहेर येईतो. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर चारी चाकांची ओढ लावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांहून जास्त अंतर कापतात, आणि मधे फरक सोसणारे काही नसल्याने सारा पीळ गिअरांवर येतो. यात कोणती मोठी विद्या आली? दिवाळीच्या सुट्टीत घरातली कॉलेजातली मुलगी हे हौसेने शिकेल. तिला शिकू द्या!

जीपबरोबर दुसरीही एक गोष्ट भंगारात चालली आहे. कानाने टॅपेट ओळखणारा, कार्बोरेटर वर्तमानपत्रावर पसरून पुन्हा जोडणारा मिस्त्री. त्याच्या हाताखाली पोर येत नाही, कारण नव्या गॅरेजात भाग बदलतात, दुरुस्त करीत नाहीत. जीप मोडली की त्याचे काम मोडले, आणि त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही गेले. ते पुन्हा कोणत्या कारखान्यातून मागवणार?

म्हणून मागणे एवढेच. पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी हवी, कडक हवी. ब्रेक, धूर, चेसिस, स्टिअरिंग सगळे खरोखर पाहावे. नापास होईल ती जीप, माझ्या दारातली असली तरी, खुशाल मोडावी. पास होईल तिच्याकडून वयाचा दंड घेऊ नये. कारखानदारांनी सुटे भाग पुरवीत राहावे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी पोरांच्या हाती उघडी जीप द्यावी. ज्यांच्या दारात ती उभी आहे, त्यांनी यंदा तिला हार घालण्याआधी तिच्याखाली जाऊन एकदा ग्रीस मारावे.