तैलपाक पडद्यावर शिकता येतो काय?

अजिंठ्याच्या डोंगराखाली, सोयगावसारख्या गावी वैद्यकी करणाऱ्या आम्हांस विनामूल्य शिक्षणाविषयी तक्रार करणे शोभत नाही. शहरातील एखादे व्याख्यान ऐकायचे तर दवाखाना बंद ठेवून, घाट चढून, सिल्लोडमार्गे जावे लागे. २०१७ साली केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ सुरू झाले. तेथे शिकणे विनामूल्य. प्रमाणपत्राच्या परीक्षेस तेवढे शुल्क पडते. बी.ए.एम.एस. करताना आमचा वरवरच झालेला संशोधनपद्धती हा विषय आम्ही रात्री रुग्ण संपल्यावर घरी बसून शिकलो, हे कृतज्ञतेने नमूद करतो.

मात्र प्रवेश घेणे सोपे, टिकणे कठीण. अमेरिकेतील एम.आय.टी.ने २०१२ साली विद्युत-मंडलांचा असा पहिला अभ्यासक्रम काढला, तेव्हा सुमारे १ लाख ५५ हजारांनी नावे घातली. उत्तीर्ण झाले जेमतेम ७ हजार. आम्हीही दुसऱ्या एका अभ्यासक्रमात नाव घातले होते. पावसाळी ज्वराचे रुग्ण वाढले आणि तिसऱ्या आठवड्यात तो सुटला, तो सुटलाच. बहुतेक पाठ इंग्रजीत असल्याने औषधालयातील मदतनीस तर दारातच अडखळतात.

याहून मोठी अडचण आम्हांस कढईपाशी कळली. आमच्या मदतनिसाने चित्रफिती पाहून स्नेहसिद्धीची लक्षणे मुखोद्गत केली होती: कल्काची वर्ती वळावी, ती अग्नीवर टाकता चटचट शब्द होऊ नये, तैलात फेस यावा, घृतात तो शमावा. एकही लक्षण चुकले नाही. तरीही त्याच्या हातचे तैल खरपाकही ओलांडून दग्ध झाले, कारण मृदू वर्ती कोठे संपते आणि मध्यम कोठे सुरू होते, हे बोटांना कोणी सांगितलेच नव्हते. तैल ओतून द्यावे लागले. दोष त्याचा नव्हे. शिकवणे पडद्यावर सोपवून आम्ही निश्चिंत झालो होतो.

सुश्रुताने छेदनाचा अभ्यास कोहळ्यावर करावयास सांगितला तो उगाच नव्हे. चरकाने विमानस्थानात अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा असे तीन उपाय दिले आहेत. पडदा पहिल्यास उत्तम साहाय्य करतो, दुसऱ्यास काही अंशी; तिसरा मात्र माणसे समोरासमोर बसल्याविना साधत नाही. केवळ प्रमाणपत्र फलकावर रंगवून घेणारे व्यवसायबंधू आम्ही पाहतो, तेव्हा हा तिसरा उपाय विशेष आठवतो.

संघटनेच्या मासिक बैठकीत एखादा पाठ सर्वांनी मिळून पाहावा, कोणी त्याचा मराठीत सारांश सांगावा आणि त्याच दुपारी एखाद्या औषधनिर्मात्याच्या भट्टीवर तो प्रत्यक्ष करावा, अशी आमची सूचना आहे. पाककृती दाखविण्यास आपली मंडळी नाखूश असतात, हे ठाऊक आहे; गुपित योग झाकून ठेवावेत, साधा तैलपाक तरी दाखवावा. पहिल्या बैठकीस दोन लिटर तीळतेल, क्वाथ आणि कल्क आम्ही आणू. भट्टी कोण देतो, ते कळवावे.