मालेगावला रेल्वे येईल. आपला माल तिच्यात चढेल काय?

मालेगावच्या कापड व्यापाऱ्याला रेल्वेने कुठे जायचे असले की आजही आधी मनमाड गाठावे लागते. अंतर चाळीस किलोमीटरच्याही आत. पण एवढ्याशा अंतराने दीडशेहून अधिक वर्षे आपल्या धंद्याची दिशा ठरविली आहे. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला मंजुरी दिली. खर्च 18 हजार 36 कोटी रुपये, नवी स्थानके 30, मुदत 2028-29. हा मार्ग मालेगाव, धुळे असा जाणार आहे. आनंद करून झाला असेल, तर आता हिशेबाला बसू या.

व्यापार आणि वाट यांचे नाते आपल्याला नवे नाही. कुरैशच्या हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील व्यापारी प्रवासाचा उल्लेख पवित्र कुरआनातच आहे. आपल्या भागात मोगल काळी सुरत-बुऱ्हाणपूर-आग्रा ही मोठी वाट होती. बुऱ्हाणपूरचे कापड इराण आणि तुर्कस्तानपर्यंत जात असे, हे सतराव्या शतकातील फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निए याने नोंदविले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई-आग्रा रस्ता पक्का झाला. त्याच रस्त्यावर मोसम नदीकाठी मालेगाव. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडची मोमीन विणकर कुटुंबे रोजीच्या शोधात इकडे आली, हातमाग मांडले आणि गावाचे शहर झाले. मालेगाव हे रस्त्याचे अपत्य आहे.

रेल्वेने मात्र वेगळी वाट धरली. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई-ठाणे गाडी सुटली. मग थळघाट चढून ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग नाशिकपर्यंत आग्रा रस्त्याच्या सोबतीने आला. पुढे रस्ता चांदवड, मालेगाव, धुळे असा वर गेला आणि रेल्वे मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळकडे वळली. कंपनीला खानदेश-वऱ्हाडचा कापूस बंदरावर न्यायचा होता. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तर लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर डोळे लावून बसल्या होत्या. विणकराचे लुगडे त्या हिशेबात नव्हते. कापूस त्या गाडीने गेला आणि गिरणीचे स्वस्त कापड होऊन त्याच गाडीने परत आले. मार कोणाला बसला, हे सांगायला नको.

स्थानक जिथे, बाजार तिथे. मनमाडहून एक फाटा दौंडकडे गेला, दुसरा निजामाच्या मुलखात औरंगाबादमार्गे हैदराबादला. लहानसे मनमाड मोठे जंक्शन झाले. धुळ्याला 1900 साली चाळीसगावहून फाटा मिळाला. मालेगाव तसेच राहिले. हातमाग जाऊन यंत्रमाग आले, तरी सुताच्या गोण्या ट्रकनेच येतात आणि ग्रे कापडाच्या गाठी बालोत्रा, पाली, जेतपूरकडे ट्रकनेच जातात. डिझेल महागले की भाडे वाढते. ते भाडे शेवटी मजुरीतून कापले जाते. म्हणून हा प्रश्न पेढीवर बसणाऱ्या शेठचाच नाही, माग चालविणाऱ्या कारागिराचाही आहे.

कोणी म्हणेल, ट्रक दारातून माल उचलतो, रेल्वेला दोनदा चढउतार करावी लागते. मग रेल्वे हवी कशाला? आक्षेप खोटा नाही. जवळच्या पल्ल्याला ट्रकच परवडेल. पण लांबच्या पल्ल्याला ज्याच्या हाती दोन वाटा आहेत, त्याला भाड्याची घासाघीस तरी करता येते. एकच वाट असणाऱ्याला सांगेल तो दर द्यावा लागतो.

पण स्थानक झाले म्हणजे माल आपोआप चढत नाही. आज रेल्वेची मालवाहतूक मुख्यतः अख्ख्या गाडीच्या हिशेबाने चालते. कोळसा, सिमेंट, धान्य यांना ते जमते. दहा-वीस गाठींच्या धन्याला जमत नाही. म्हणून आमच्या मते तीन गोष्टी आजच हाती घ्याव्यात. पहिली, मालेगावच्या स्थानकात प्रवासी फलाटाबरोबर मालधक्का, गोदाम आणि पार्सलची सोय असावी आणि तिथवर ट्रक जाईल असा रस्ता असावा, ही मागणी लेखी करावी. आराखडे पक्के झाल्यावर निवेदन देऊन उपयोग नसतो. दुसरी, छोट्या व्यापाऱ्यांनी व मागवाल्यांनी माल एकत्र पाठविण्यासाठी सहकारी संस्था किंवा सामाईक पेढी उभारावी. तिसरी, बिले, जीएसटी, उद्योग नोंदणी ही कागदपत्रे नीट ठेवावीत. तोंडी विश्वासावर चाललेल्या धंद्याला ना बँक दारात उभी करते, ना रेल्वेचा बुकिंग क्लार्क.

या कामात एकमेकांचे पाय ओढणे परवडणारे नाही. आपल्याकडे संघटना पुष्कळ आहेत. एका मागणीपत्रावर सर्वांच्या सह्या मात्र क्वचितच दिसतात. व्यापारी, मागमालक, कामगार, शेजारचा कांदा उत्पादक शेतकरी, मग तो कोणत्याही समाजाचा असो, या सर्वांचा मालधक्का एकच असणार आहे.

पहिल्या वेळी मार्ग ठरला तेव्हा आपल्याला कोणी विचारले नव्हते. राज्य परक्यांचे होते. या वेळी ती सबब चालणार नाही. इन्शाअल्लाह गाडी येईल. तिच्यातून फक्त परगावचा माल उतरावा की आपल्याही गाठी चढाव्यात, हे गाडी येण्यापूर्वीच ठरणार आहे.