बांधापुढची तिवरे

पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीलगत खारेपाटाचा सखल प्रदेश पसरला आहे. भरतीचे पाणी अडवून माणसाने ही भातजमीन मिळविली. तिचा रक्षक म्हणजे मातीचा बांध. बांधाला खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते आणि मीठ मुरलेल्या जमिनीत धड पीक येत नाही. म्हणून पूर्वी गावकरी एकजुटीने बांध राखीत. पुढे 1948 साली मुंबई सरकारने खारभूमीसाठी कायदा केला.

हा बांध टिकावा कसा? दगडाची किंवा काँक्रीटची भिंत उभारली की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. परंतु भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची माती उकरून नेते. भिंत जेथे संपते, तेथील उघडा काठही पुष्कळदा झिजू लागतो.

खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांची रीत निराळी आहे. त्यांची दाट खोडे आणि चिखलातून वर आलेली असंख्य श्वासमुळे यांमधून येताना लाट दमते. पाण्यातील गाळ तेथेच बसतो आणि काठाची माती धरून राहते. त्याच मुळांच्या आसऱ्याने कोळंबी, चिंबोऱ्या आणि माशांची पिले वाढतात. भिंत दरवर्षी जुनी होते. तिवरांचे रान मात्र नव्या रोपांनी दाट होत जाते.

यावर शेतकरी म्हणेल, "खांडीतून हीच तिवरे शेतात शिरतात आणि शेत हातचे जाते." हे म्हणणे खोटे नाही. परंतु तो दोष तिवरांचा नव्हे, वेळीच न बुजविलेल्या खांडीचा आहे. भात बांधाच्या आत आणि तिवरे बांधाच्या बाहेर, अशी दोघांची जागा ठरलेली असावी. प्रवाहाचा मारा फार असेल किंवा वस्ती अगदी काठावर असेल, तेथे दगडही लागेल. इतरत्र मात्र पहिला मान तिवरांचा.

महाराष्ट्र शासनाने 2012 साली अशा वनांच्या रक्षणासाठी कांदळवन कक्ष स्थापन केला. तथापि, सरपणासाठी कुऱ्हाड चालत राहिली आणि चिखलावर भराव पडत राहिला, तर शासन एकटे काय करणार? गावाचे रक्षण वेशीवरच करावे लागते. खारेपाटाची वेस बांधापुढच्या चिखलात आहे आणि तिवरे हे तिचे पहारेकरी आहेत. पहारेकऱ्यांनाच तोडून गावाने निर्धास्त झोपावे, हे शहाणपण नव्हे.