जुनी पाणबुडी आणि अडलेली गोदी

अमेरिकी नौदलाची ‘बॉयसी’ ही हल्लेखोर अणुपाणबुडी २०१५मध्ये शेवटच्या मोहिमेवरून परतली. मग दुरुस्तीला गोदीच मिळेना. २०१७मध्ये तिचा पाण्याखाली जाण्याचा परवानाही संपला. मोठ्या दुरुस्तीचे १२० कोटी डॉलरचे कंत्राट २०२४मध्ये निघाले, मुदत २०२९ची. तेव्हा १९९२मध्ये सेवेत आलेली ही पाणबुडी ३७ वर्षांची असेल; लॉस एंजेलिस वर्गाचे ठरलेले आयुष्य मात्र ३३ वर्षांचे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला?

तितके सोपे नाही. नवी व्हर्जिनिया वर्गाची पाणबुडी ४०० कोटी डॉलरहून महाग पडते आणि वर्षाला दोनचे उद्दिष्ट असताना कारखान्यांतून जेमतेम सव्वा बाहेर पडते. त्यातून २०३०च्या दशकात किमान तीन ऑस्ट्रेलियाला द्यायच्या आहेत. हवा आहे ६६ हल्लेखोर पाणबुड्यांचा ताफा, हाताशी आहेत पन्नासच्या आसपास.

शिवाय पाणबुडीचे वय केवळ वर्षांत मोजता येत नाही. प्रत्येक खोल बुडीत तिचे कवच दाबाखाली आवळते, वर येताना सैल होते; हे वारंवार घडले की वेल्डिंगच्या जोडांना थकवा येतो. दुसरी मर्यादा अणुभट्टीतल्या इंधनगाभ्याची. तो बदलायचा तर कवच कापावे लागते. धक्क्याला बांधलेल्या बॉयसीचे ना कवच आवळले, ना गाभा फारसा खर्च झाला. पण समुद्राचे पाणी वाहणारे पाइप, झडपा, केबल उभ्या उभ्याही म्हाताऱ्या होतात. आणि समुद्रावर न जाणाऱ्या पाणबुडीवर नेमलेले खलाशी काय शिकणार?

या वर्गातली शेवटची, १९९६ची ‘शायेन’ मेनमधल्या पोर्ट्समथ गोदीत गेली ती नवा गाभा बसवून घ्यायला. जादा गाभे तयारच होते, त्यामुळे आणखी दहाएक वर्षांची सेवा मिळवणे शहाणपणाचे ठरते. बॉयसीबाबत माझे मत वेगळे आहे. खरी टंचाई पैशांची नाही, गोदीची आणि कुशल वेल्डरांची आहे. बॉयसीचे काम २०२४च्या त्या कंत्राटाने न्यूपोर्ट न्यूज गोदीला दिले गेले. तिथेच नव्या पाणबुड्याही बांधल्या जातात. म्हाताऱ्या बोटीने अडवलेले हात नव्या बोटीला कमी पडतात. ज्या बोटीच्या दुरुस्तीची वर्षे नंतरच्या सेवेच्या वर्षांशी बरोबरी करू लागतात, ती वेळीच मोडीत काढावी.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. भारताने २०२४मध्ये अशा दोन हल्लेखोर अणुपाणबुड्या बांधायला मंजुरी दिली. रशियाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ ही अणुपाणबुडी २०२१मध्ये परत गेली, त्यामुळे तिच्या उतारवयाचा भार आपल्यावर पडला नाही. या दोन्हींचा पडेल, आणि त्यासाठीची गोदी त्यांच्या बांधणीबरोबरच उभी राहायला हवी.