बॉक्स बदलण्याआधी तपासणीचे दाम द्या

निलंगा, औराद शहाजानी, कासार सिरसी, देवणी हे आठवडी बाजार करणाऱ्या पुष्कळ व्यापाऱ्यांचा माल आजही जुन्या व्हॅनमधूनच जातो. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, १९८८ पासून ती ओम्नी झाली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. २०१० साली आलेली ईकोही आता जुन्या गाड्यांत जमा होऊ लागली आहे. कापडाचे गठ्ठे, भांडी, चपला, मसाले यांचा धंदा करणाऱ्या छोट्या माणसाला या गाड्यांनी रोजी मिळवून दिली. म्हणूनच अशी गाडी बंद पडते तेव्हा त्याच्या घरातील चूलही अडते.

पूर्वीच्या ओम्नीला कार्बोरेटर होता. पाना-पेचकस घेऊन मिस्त्री तो खोलायचा, जेट फुंकायचा, गाडी चालू व्हायची. २००० सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले, तसे कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारा एक बंद डबा आला. त्याला ईसीएम म्हणतात. गॅरेजच्या भाषेत तो ‘बॉक्स’ किंवा ‘गाडीचा कॉम्प्युटर’. इंजिन किती फिरते, किती तापले, ॲक्सिलरेटर किती दाबला, हवा किती आली, हे सेन्सर या बॉक्सला कळवतात. त्यावरून पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे बॉक्स ठरवतो.

आता होते असे की गाडी मिसिंग करू लागली, पिकअप गेला किंवा सेल्फ मारूनही चालू झाली नाही, की पुष्कळ ठिकाणी एकच निकाल ऐकू येतो : ‘शेठ, कॉम्प्युटर गेला.’ नवा बॉक्स स्वस्त नसतो. बाजारात फिरणाऱ्या माणसाची दोन-तीन महिन्यांची कमाई त्यात जाऊ शकते. आणि बॉक्स बदलूनही बिघाड तसाच राहिला, तर दाद कोणाकडे मागायची?

जाणते कारागीर सांगतात की बॉक्स स्वतःहून सहसा मरत नाही. दोष बहुधा त्याच्या बाहेर असतो. बॅटरीचे टर्मिनल गंजलेले असते, बॉडीला लावलेली अर्थची वायर ढिली असते, फ्यूज किंवा मेन रिले गेलेला असतो, उंदराने वायरी कुरतडलेल्या असतात. गॅसकिट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून जोडल्या असतील, तर तो जोड काही वर्षांनी दगा देतो. सेन्सरना बॉक्सकडून पाच व्होल्टचा पुरवठा जातो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर हा पुरवठाच बसतो आणि चांगला बॉक्सही मेल्यासारखा वाटतो.

तपासणी अवघड नाही, पण तिला वेळ लागतो. चावी फिरवली आणि इंजिन चालू केले नाही, तर मीटरमधला इंजिनचा दिवा लागला पाहिजे. दिवा लागत नसेल तर आधी तो बल्ब, मग बॉक्सला करंट आणि अर्थ मिळतो की नाही ते पाहावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान दाब हवा. स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचावा, परंतु कोड म्हणजे निकाल नव्हे. सेन्सरचा कोड आला तरी दोष त्याच्या वायरीत असू शकतो. सॉकेटमध्ये पाणी किंवा गंज नाही ना, तेही पाहावे. या सगळ्यातून गाडी पार पडली, तरच बोट बॉक्सकडे जावे.

मग मिस्त्री हे का करीत नाहीत? सगळा दोष त्यांच्या माथी मारणे आम्हाला मान्य नाही. दोन तास वायरी तपासून ज्याने एक ढिली अर्थ शोधली, त्याच्या हातावर आम्ही व्यापारी शंभर रुपये ठेवतो आणि वर म्हणतो, ‘एक नट तर आवळला!’ जो बॉक्स बदलतो, त्याला मात्र मुकाट्याने हजार मोजतो, शिवाय पार्टवरचे कमिशन त्याला वेगळे मिळते. आम्ही इल्माचे दाम देत नाही, मालाचे देतो. मग माल विकला जाणारच. कापडाच्या धंद्यात आम्हाला हे कळते. गिऱ्हाइकाला वीस ठाण उलगडून दाखवण्याची मेहनत आम्ही कापडाच्या नफ्यातूनच काढतो. मिस्त्रीही तेच करतो. फरक एवढाच की आमच्या गिऱ्हाइकाला कापड हाताने चाचपता येते, बॉक्समध्ये काय आहे ते आम्हाला दिसत नाही.

जिथे गिऱ्हाइकाला दिसत नाही, तिथेच दयानतदारीची कसोटी असते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे मालकाने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. ही हदीस दुकानदाराला जितकी लागू आहे, तितकीच गॅरेजला आणि जुनी व्हॅन विकणाऱ्या आम्हालाही लागू आहे. दुरुस्त केलेला बॉक्स असेल तर गाडी विकताना ते सांगणे आमच्यावर बंधनकारक आहे.

बॉक्स खरोखरच गेला असेल, तर आधी तो का गेला हे शोधावे. अल्टरनेटर जादा दाब देत असेल, बॅटरी उलटी जोडली गेली असेल किंवा कॅरिअरला वेल्डिंग करताना बॅटरी सोडली नसेल, तर नव्या बॉक्सचीही तीच गत होईल. नवा घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळवावा. ज्या गाडीच्या चावीत चिप आहे, तिथे दुसरा बॉक्स ती चावी ओळखत नाही. सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही. तो जुळवून देण्याचे दाम आधीच ठरवून घ्यावेत. जुना बॉक्स आपल्या ताब्यात घ्यावा, बिलावर नंबर लिहून घ्यावा.

भंगारातला बॉक्स स्वस्त मिळतो. कायदेशीर मोडीत निघालेल्या गाडीचा असेल आणि पावती असेल तर हरकत नाही. पावती नसेल तर तो चोरीच्या गाडीचाही असू शकतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि अशा मालावर मिळवलेल्या रोजीत बरकत कुठली?

शेवटी हिशेबही पाहावा. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पत्रा सडलेल्या, मुदत संपत आलेल्या गाडीत नवा बॉक्स घालणे म्हणजे विरलेल्या धोतराला जरीचा काठ लावणे होय.

आमची व्यापारी बांधवांना एकच विनंती आहे. गाडी गॅरेजला लावताना मिस्त्रीला आधीच सांगावे : ‘तपासणीची मजुरी वेगळी घ्या, दोष निघो वा न निघो, पार्ट लागो वा न लागो.’ चार-पाच जणांनी जरी हा रिवाज पाडला, तरी गावातला प्रामाणिक कारागीर टिकेल, आणि आमची मुले हे काम शिकायला निघाली तर त्यांना डबे बदलणारा नव्हे, दोष शोधणारा उस्ताद मिळेल.